हे मी लिहून घेणार नाही

भावना उबाळे माझ्या लक्षात राहिली ती तिने माझं वाक्य अडवलं तेव्हापासून.

दोन हजार चारचा ऑगस्ट असेल. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात त्या वर्षी एस. वाय. बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलेली चौदा मुलं होती. त्यातली निम्मी दुसऱ्या विषयात जागा न मिळाल्यामुळे माझ्याकडे आलेली. हे मला माहीत होतं, आणि त्याचं वाईट वाटून घेणं मी केव्हाच सोडलं होतं. मी वहीतून नोट्स सांगायचो, मुलं उतरवून घ्यायची. त्या वह्या मी नोकरीला लागलो त्या वर्षी तयार केल्या होत्या. वीसएक वर्षं झाली, एक शब्द बदलायची गरज पडली नव्हती.

त्या दिवशी मी सांगत होतो, "बौद्ध दर्शन हे मूलतः निराशावादी दर्शन आहे. पूर्णविराम. त्यात जीवनाकडे दुःखमय म्हणून…"

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. बुटकी, दोन घट्ट वेण्या, हातात झाकण लावलेलं पेन.

"सर, हे मी लिहून घेणार नाही."

मला आधी वाटलं, ऐकू आलं नसेल. मी वाक्य पुन्हा सांगितलं.

"ऐकू आलं, सर. पण ते बरोबर नाही. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला गेले ते काही निराश होऊन गेले नव्हते. संतापून गेले होते."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "हा तुझ्या घरचा प्रश्न नाही. इथे दर्शनाचा विचार चाललाय. पहिलं आर्यसत्यच 'दुःख आहे' असं सांगतं, मग त्याला काय म्हणायचं?"

तिने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "माझे वडील अंबरनाथ एमआयडीसीत बॉयलरवर आहेत. प्रेशर चढलंय असं ते ओरडून सांगतात, तेव्हा त्यांना कोणी निराशावादी म्हणत नाही. व्हॉल्व्ह उघडतात. दुःख आहे असं सांगणारा माणूस पुढे त्याचं कारण सांगतो, उपायही सांगतो. तुम्ही पहिल्याच वाक्यावर पूर्णविराम दिलात."

"बस खाली, परीक्षेत हेच लिहावं लागेल," एवढं बोलून मी पुढे सरकलो. ती बसली, पण तास संपेपर्यंत तिने पेनाचं झाकण काढलं नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या कोणी ना कोणी शिकवत आलेलं. मी अंबरनाथला राहायचो, चाळिशीतच केस पांढरे झालेले, आणि विद्यार्थी मला जयदेव सर म्हणायचे ते आडनाव उच्चारायला अवघड म्हणून. बौद्ध दर्शन मी वीस वर्षं शिकवत होतो. समोरच्या बाकांवर दरवर्षी बौद्ध घरांतली मुलं असायची. त्यांना हे वाक्य कसं लागत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नाही. मुलं मुकाट लिहून घ्यायची, आणि मी समजायचो की त्यांना पटतंय.

पुढच्या जूनमध्ये एस. वाय.चा निकाल लागला आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टी. वाय.ला तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून फक्त एकाच मुलीने भरला होता. एका मुलीसाठी सहा पेपर आणि दोन शिक्षक कसे पुरवणार? टी. वाय.चा वर्ग बंद करू, तुम्ही फाउंडेशन कोर्सचे तास घ्या, असं त्यांनी सुचवलं. माझी नोकरीची चार वर्षं राहिली होती. मी हो म्हणालो. चहा पिऊन बाहेर आलो तर भावना दाराशी उभी.

"सर, हरिचंद्रकाका म्हणतात माझा फॉर्म हिस्टरीत टाकलाय. खरं का?"

हरिचंद्र म्हणजे आमच्या ऑफिसातले प्रवेशाच्या खिडकीवरचे क्लार्क. मी तिला अडचण समजावून सांगितली. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्या शब्दांपेक्षा तोंडाकडे जास्त होतं.

"तुम्ही हो म्हणालात?"

"माझ्या हो-नाहीने काही होत नाही, भावना."

"पण म्हणालात."

"म्हणालो."

तिने मान हलवली. मला रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी तिने विचारलं, "किती मुलं असली तर वर्ग चालेल?"

मी आत जाऊन विचारून आलो. खरं सांगायचं तर मला ती जागेवरून हटायला हवी होती, आणि प्राचार्यांनाही. ते म्हणाले, किमान चार, आणि तेही प्रवेशाची मुदत संपायच्या आत. म्हणजे नऊ दिवस.

"मग अजून तीन आणते," भावना म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दोनच दिवसांनी तिचे वडील मला भेटायला आले. बबन उबाळे. पहिली पाळी संपवून सरळ आलेले, अंगावर कंपनीचा खाकी शर्ट, हातात डब्याची पिशवी. स्टाफरूममध्ये खुर्ची पुढे केली तरी कडेवरच टेकले. त्यांच्यामागोमाग भावनाही आली. बापाने सांगितलं नव्हतं, तिला हरिचंद्रांकडून कळलं होतं.

"सर, तुम्ही हिला सांगा," ते म्हणाले. "माझं ऐकत नाही. मी म्हणतो, हिस्टरी घे, इकॉनॉमिक्स घे, बी. एड. कर, कुठं चिकटशील. या विषयाला तर बी. एड.ला पण घेत नाहीत म्हणे. कंपनीत साहेब विचारतात, पोरगी काय शिकते? मी म्हणतो, बी. ए. पुढचं सांगत नाही. काय सांगू? आम्हाला इथवर यायला तीन पिढ्या लागल्या, सर. आता नुसता विचार करत बसायची चैन आमच्या पोरांना परवडंल का?"

मी काही बोलायच्या आत भावना म्हणाली, "बाबा, विचार करणं ही चैन आहे असं आपल्याला सांगितलं कोणी? ज्यांनी सांगितलं, त्यांनी स्वतः दुसरं काय केलं इतकी वर्षं?"

"हे असं बोलते बघा."

माझ्याकडे पाहत ते बोलले आणि मला कानकोंडं झालं, कारण तिने 'ज्यांनी' म्हटलं त्यात मीही होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना ऑगस्टमधला प्रसंग सांगितला. तिने मला कसं अडवलं, बॉयलरचं उदाहरण कसं दिलं. बबनराव लक्ष देऊन ऐकत होते. पूर्ण ऐकल्यावर पोरीकडे वळले.

"व्हॉल्व्ह उघडतात म्हणालीस?"

"हो."

"चुकीचं सांगितलंस. प्रेशर चढलं की सेफ्टी व्हॉल्व्ह आपला आपणच उडतो. त्याला माणूस लागत नाही. माणसानं करायचं ते येगळंच. आधी आग कमी करायची. जळण तोडायचं. जळण चालू ठेवून नुसती वाफ सोडत बसलीस, तर चढतच राहणार की."

पाली ग्रंथांत माणसाच्या चिकटून राहण्याला 'उपादान' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ जळण. आणि निर्वाण म्हणजे विझणं. हे मी पाठ केलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, शिकवलेलंही होतं. चोवीस वर्षं बॉयलर सांभाळणारा माणूस कंपनीचा शर्ट घालून माझ्यासमोर ते कामाची गोष्ट म्हणून सांगत होता. मी त्यांना तसं सांगितलं, दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले.

बबनरावांनी डब्याची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"मग ते लिहिणाऱ्याला भट्टी माहीत होती."

उठताना ते पोरीला परवानगी देऊन गेले असं नाही. एवढंच म्हणाले, "मुदत संपेस्तोवर बघ. नाही जमलं तर गप हिस्टरीला बसायचं." भावना म्हणाली, "जमेल." ते दोघं कॉरिडॉरमधून गेले तेव्हा बाप जळणाविषयी अजून काहीतरी समजावत होता.

तीन विद्यार्थी तिने कसे मिळवले, ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

पहिली मिळाली ती गोदू. नाव गोदावरी, बदलापूरजवळच्या चामटोलीची, शेतकरी घरातली. ती एस. वाय.ला माझ्याच वर्गात होती, पण तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. घरच्यांनी तिचं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. भावना तिच्या घरी जाऊन तिच्या आईशी दोन तास बोलली. काय बोलली ते दोघींनीही मला कधी सांगितलं नाही. गोदू फॉर्म घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "तुला हाच विषय का?" ती खाली बघत म्हणाली, "सर, मना घरी बसायचा नाय." कारण पुरेसं होतं.

दुसरा जितेश, त्याच वर्गातला. तो सकाळी एका कुरियरवाल्याकडे काम करायचा आणि त्याला फक्त दुपारी तास असलेला विषय हवा होता. भावनाने तत्त्वज्ञानाचे सगळे तास दुपारी असतील असं मला न विचारता त्याला कबूल करून टाकलं होतं.

तिसऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र ती वणवण फिरली. वर्गातल्या बाकीच्या अकराही जणांकडे गेली. कोणी हसलं, कोणी टाळलं, एकीच्या भावाने दार लावून घेतलं. शेवटचे दोन दिवस राहिले होते. भावनाची आई, सरस्वतीबाई, घरी बसून जीन्सच्या पॅन्टींचे धागे कापायचं काम करत. उल्हासनगरच्या कारखान्यातून पॅन्टींचे गठ्ठे यायचे, धागे कापून परत द्यायचे. त्या दिवशी गठ्ठा परत द्यायला भावना गेली. कॅम्प नंबर पाचमध्ये खाली कारखाना, वर मालकांचं घर. मालकीणबाई लाजवंती, वय अडतीस. गठ्ठा उतरवून घेताना तिने सहज विचारलं, क्या पढ़ती हो? भावनाने विषय सांगितला, आणि तो बंद होतोय हेही.

लाजवंतीने हातातली पॅन्ट खाली ठेवली.

"मेरा भी वही था," ती म्हणाली. "एस. वाय. तक. आपल्याच कॉलेजात. फिर शादी हो गई."

"तुम्ही सोडलंत?"

"छोड़ा नहीं, बेटा. छुड़वाया."

भावना तिथल्या तिथे म्हणाली, "मग आंटी, उद्या फॉर्म भरा." आणि लाजवंती हसली नाही. तिने आत जाऊन कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. सोळा वर्षांपूर्वीची मार्कशीट तिने जपून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी प्राचार्यांसमोर उभ्या होत्या. मीही होतो. सोळा वर्षांपूर्वी मीच तिला शिकवलं असणार, पण चेहरा आठवत नव्हता. प्राचार्यांनी लाजवंतीकडे पाहिलं, मार्कशीटकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मॅडम, या वयात रेग्युलर वर्गात? बरं दिसत नाही. बाहेरून परीक्षा द्या ना."

लाजवंती संकोचली. भावनाने पिशवीतून कॉलेजचं माहितीपुस्तक काढलं. पानापानावर पेन्सिलच्या खुणा केलेल्या.

"सर, यात वयाची अट कुठे लिहिलीय? मी तीनदा वाचलं."

"सगळंच लिहिलेलं नसतं, बाळा."

"मग जे लिहिलेलं नाही त्यावरून ॲडमिशन कशी नाकारायची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे तुम्ही सांभाळा, असा त्याचा अर्थ होता. आयुष्यात मी फार धाडसं केलेली नाहीत, आणि हे धाडस म्हणण्याइतकंही नव्हतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "ती बरोबर बोलतेय. अट नाही." तेवढ्यात हरिचंद्र जुनं रजिस्टर काखेत मारून आत आले. कोणी मागितलं नव्हतं. एकोणनव्वद सालचं पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं. लाजवंतीचं नाव, पत्ता, आणि शेरा: 'विवाहामुळे खंड'.

"खंडच लिहिलंय, साहेब. नाव काढलेलं नाही," हरिचंद्र म्हणाले.

आम्हाला खेळाच्या सामानाच्या खोलीशेजारची खोली मिळाली. तिथे व्हॉलीबॉलच्या जाळ्या वाळत असायच्या. तास दुपारी.

तीन आठवडे वर्ग बरा चालला. पुस्तकं मिळत नव्हती म्हणून मी माझ्या सगळ्या वह्या भावनाकडे दिल्या होत्या, उतरवून घे आणि बाकीच्यांना दे म्हणून. मग सव्वीस जुलै आला. उबाळ्यांची खोली बदलापूरच्या मांजर्लीला, नदीच्या अंगाला, बैठ्या चाळीत होती. उल्हास नदी त्या चाळीतून छपरापर्यंत वाहून गेली. माणसं शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर चढली आणि वाचली.

नऊ दिवसांनी भावना कॉलेजात आली. चुलत वहिनीचा सैल ड्रेस घातलेला, पायात वेगवेगळ्या चपला. तिने पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. मातकट, टणक, विटेसारखा.

"वाळवून बघितल्या, सर. पानं सुटत नाहीत."

त्या माझ्या वह्या होत्या.

"पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही आधी गॅस उचलला, मग कपडे, मग आईने आंटींच्या पॅन्टींचा गठ्ठा. परत वह्यांसाठी जायच्या आत दार बुडालं. चूक माझी. आधीच वर ठेवायला हव्या होत्या."

मी तिला काय बोललो ते मला चांगलं आठवतं, आणि मला ते इथे लिहायला हवं. मी म्हणालो, "बावीस वर्षांचं काम होतं ते. जबाबदारी म्हणून काही असते की नाही?" जिचं घर बुडालं होतं तिला मी हे बोललो. वर आणखी म्हणालो, "आता मी काय शिकवू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान खाली गेली नाही.

"तुम्हाला येतं ना, सर?" तिने विचारलं.

तो टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. मी खोलीबाहेर गेलो, मैदानाला एक फेरी मारून परत आलो. चौघं बसून होती. मी टेबलामागे न जाता बाकावर बसलो आणि म्हणालो, "आज चार्वाक होता. मला आठवेल तसं सांगतो. चुकलो तर अडवा."

भावनाने पहिल्या पाच मिनिटांत अडवलं. दहाव्या मिनिटाला लाजवंतीनेही. महिन्याभरात गोदूने तोंड उघडलं आणि ती असे काही प्रश्न विचारायला लागली की जितेश डोक्याला हात लावायचा. शेतात उभ्याने आंबलेल्या माणसाला 'जग मिथ्या आहे' हे सांगायची हिंमत कोणाची होईल, असं ती एकदा म्हणाली आणि अद्वैतावर आम्ही आठवडाभर भांडलो. मी बऱ्याच ठिकाणी अडलो. घरी जाऊन पुस्तकं काढून वाचायला लागलो. बायको म्हणाली, तुम्हाला परत परीक्षा द्यायचीय का?

एप्रिलमध्ये खरी परीक्षा आली. आमच्या मुलांचं केंद्र दुसऱ्या एका कॉलेजात होतं. मी तिथे नव्हतो. जितेशने मला नंतर साभिनय सांगितलं. तिसऱ्या पेपरला पर्यवेक्षकाने चौघांच्या हातात मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका दिली. भावनाने हात वर केला. तो म्हणाला, "फिलॉसॉफी, सायकॉलॉजी एकच ना? लिहा लिहा." भावनाने उत्तरपत्रिका बंद केली, पेन वर ठेवलं, हात बांधून बसली. बाकीच्या तिघांनीही तसंच केलं. पर्यवेक्षक चिडला, शून्य मिळेल म्हणाला. भावना म्हणाली, "शून्य माझ्या विषयात मिळालं तर चालेल. दुसऱ्याच्या विषयात नको." पस्तीस मिनिटांनी केंद्रप्रमुख धावत आले, योग्य प्रश्नपत्रिका सापडली, पाकिटाच्या तळाशी राहिली होती. मग ती उभी राहिली आणि म्हणाली की गेलेली पस्तीस मिनिटं शेवटी वाढवून मिळाल्याशिवाय आम्ही सुरुवात करणार नाही. मिळाली.

निकाल लागला. जितेश काठावर पास. गोदूला सेकंड क्लास. भावनाला एकसष्ट टक्के. लाजवंतीला सदुसष्ट.

भावनाला ते लागलं. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कॅम्प पाचला गेली आणि लाजवंतीला म्हणाली, "आंटी, लॉजिकच्या पेपरात तुम्ही काय लिहिलंत ते पहिल्यापासून सांगा." दुपारभर दोघी जीन्सच्या ढिगाऱ्यात बसून पेपर सोडवत होत्या.

जिंकलेला वर्ग टिकला, असं मात्र झालं नाही. पुढच्या वर्षी तिघंच आले, चारची अट भरली नाही; त्याच्या पुढच्या वर्षी कोणीच नाही. मी फाउंडेशन कोर्स शिकवायला लागलो.

बबनराव म्हणाले होते तेच झालं, बी. एड.च्या कॉलेजांनी भावनाला परत पाठवलं. शाळेत हा विषयच नाही, तर शिकवणार काय? नोकरीसाठी ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेली. मुलाखत घेणारा म्हणाला, "फिलॉसॉफी? मग तुमच्या लाइफची फिलॉसॉफी सांगा बघू." तिने त्याला सांगितलं, "ती कॅलेंडरवर छापलेली असते, सर. मी तर्कशास्त्र शिकले. तुमच्या जाहिरातीत फ्रेशर पाहिजे लिहिलंय आणि खाली तीन वर्षांचा अनुभव मागितलाय. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही." नोकरी मिळाली नाही. मला सांगताना ती हसत होती, पण घरी परतल्यावर हसली नसेल. सम्यक, तिचा धाकटा भाऊ, तेव्हा आयटीआयला होता, बबनरावांची कंपनी आठवड्यातले चारच दिवस चालत होती, आणि नातेवाइकांत 'शिकून काय केलं' ही चर्चा जोरात होती.

तिने लाजवंतीच्या कारखान्यात मालतपासणीचं काम धरलं. उसवलेली शिवण, तिरकी खिशाची पट्टी, सुटलेलं बटण शोधायचं. तिथे बसून तिने बाहेरून एम. ए. केलं. एका मुलाकडच्यांनी मागणी घातली, मुलगा चांगल्या नोकरीत होता. त्यांनी एवढंच म्हटलं की लग्नानंतर हे पुढचं शिक्षण वगैरे बघू. भावनाने त्यांना विचारलं, 'बघू' म्हणजे हो की नाही? ते म्हणाले, बघू म्हणजे बघू. तिने नकार कळवला. सरस्वतीबाई आठ दिवस रडल्या. मग एक दिवस त्यांनीच मला कॉलेजात फोन केला, "सर, ती नेट का काय ती परीक्षा असते, तिचं पुस्तक कुठं मिळतं?"

नेट तिसऱ्या वेळी निघाली.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मुरबाडच्या बाजूच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञानाची एक जागा निघाली. मुलाखतीला चौघंजण समोर. त्यातल्या विषयतज्ज्ञाने तिचा अर्ज चाळला, आडनाव वाचलं, आणि गोड आवाजात विचारलं, "आमच्याकडे वेदान्ताचा पूर्ण पेपर आहे. तुम्हाला तो मनापासून शिकवता येईल का?"

भावना म्हणाली, "तुम्ही बौद्ध दर्शन किती वर्षं शिकवता, सर?"

"मी? तीसएक वर्षं."

"मनापासून?"

तो पुन्हा अर्ज चाळायला लागला.

"मी वेदान्त नीट शिकवीन," ती म्हणाली. "जे मला पटत नाही ते मला नीटच समजून घ्यावं लागतं. पटलेल्या गोष्टीत माणूस आळशी होतो."

ही हकिकत तिने मला फोनवर सांगितली तेव्हा मी तिला म्हणालो, "घालवलीस जागा." मला तसंच वाटलं होतं. तिलाही वाटलं होतं. पण जुलैमध्ये नेमणुकीचं पत्र आलं. त्या समितीत कोणी तिच्या बाजूने बोललं की दुसरा उमेदवारच आला नव्हता, हे मला अजून माहीत नाही, आणि तिनेही शोधलं नाही. बदलापूरहून ती एस. टी.ने जाते. पहिल्या वर्षाला बावीस मुलं आहेत, बहुतेक आसपासच्या पाड्यांवरची.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमाला ती आली नाही, तिचे तास होते. चार दिवसांनी तिचा फोन आला. मला वाटलं शुभेच्छा देईल.

"सर, सांख्यांचा पुरुष काहीच करत नाही म्हणतात. नुसता बघतो. मग बांधला कोण जातो? आणि सुटतो कोण? वर्गातल्या एका मुलीने आज विचारलं, मी अडकले."

मी मला येत होतं ते उत्तर दिलं. स्फटिकाजवळ लाल फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो, तसं पुरुषाचं, म्हणजे आत्म्याचं, बंधन नुसतं दिसतं, खरं नसतं.

"म्हणजे बंधन खरं नाही. मग सुटायची धडपड कशाला? नाही सर, हे पटत नाही. मी त्या मुलीला हे सांगणार नाही."

"मग काय सांगशील?"

"अजून माहीत नाही. तुम्ही आज काय करताय?"

"काही नाही."

"मग रविवारी येते. पुस्तकं काढून ठेवा."

ती आली. दुपारी बाराला बसलो ते चार वाजले. मधे एकदा तिने टेबलावर हात आपटला, एकदा मी आवाज चढवला. माझ्या बायकोने दोनदा चहा केला. त्या प्रश्नावर आमचं अजूनही एकमत झालेलं नाही.